सोळावं कलम

मल्लेश भिंतीकडं तोंड करून पडला होता. त्याच्या आईनं, सोजरबाईंनी, त्याच्या खांद्याला हात लावला.

"उठ की रं. बघ कोण आलंय. शिवराज सर आल्यात."

मल्लेश उठला नाही. सोजरबाईंनी कॉटजवळ खुर्ची सरकवली, ती पदरानं पुसली आणि शिवराजला बसायची खूण केली. सकाळी त्याच शिवराजच्या घरी गेल्या होत्या. "लेकीकडं बार्शीला गेले हुते, सर. आले तर ह्यो असा. तुमच्या वर्गाला जायला लागल्यापासनं बाटलीला शिवलाबी न्हवता. तुमचं लई ऐकतो त्यो. दोन शबूद बोला, प्रार्थना करा."

वर्गात काय झालं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शिवराजनंही सांगितलं नाही. चप्पल घालून तो त्यांच्यामागं निघाला होता.

"च्या टाकते," म्हणून त्या आत गेल्या.

शिवराज पुण्यात ख्रिस्ती ईश्वरविज्ञान शिकवायचा. प्रॉटेस्टंटांतल्या सुधारित मंडळ्यांच्या मतांचा इतिहास हा त्याचा विषय. कुणाचं तारण व्हायचं, कुणाला मुक्ती मिळायची, हे देवानं आधीच ठरवलंय, ही शिकवण कशी रुजली, तिच्यावरून कोण कुणाशी भांडलं, यावर त्याचा जाडजूड प्रबंध होता. सुट्टीला सोलापुरात आला, तेव्हा चर्चच्या पाळकांनी त्याला रविवारच्या उपासनेनंतर वर्ग घ्यायला लावले. पहिल्या रविवारी मल्लेश शेवटच्या बाकावर होता. मग दर आठवड्याला एकेक बाक पुढं येत गेला. रिक्षा चर्चच्या फाटकाशी लावायचा आणि खाकी शर्टातच येऊन बसायचा.

गेल्या रविवारी त्यानं हात वर केला. "सर, आपण निवडलेल्यातलं हाय का न्हाय, हे कसं कळायचं?"

"सोपं आहे," शिवराज म्हणाला होता. "सकाळी उठल्यावर आरशात बघायचं. आदल्या रात्री काय केलंय, ते चेहऱ्यावर दिसतंच."

सगळे हसले. मल्लेशच्या आधीच्या, दारूच्या रात्री मंडळीत सगळ्यांना माहीत होत्या. मल्लेशही थोडं हसला. वर्ग सुटला तेव्हा त्याची रिक्षा फाटकाशी नव्हती.

"मल्लेश," शिवराजनं हाक मारली.

मल्लेश कुशीवर वळला. डोळे लाल होते, पण आवाज शांत होता.

"तुमी वाईट वाटून घिऊ नका, सर. मला उलट बरं वाटाय लागलंय. लई झगडत हुतो. रोज संध्याकाळी हात थरथरायचं, तरी दाबून बसायचो. आता कळलं, आपलं नावच न्हाय निवडलेल्यांत. मग कशाला जीव काढायचा?"

शिवराजला वाटलं होतं, तो रागावेल. रागाला उत्तर द्यायची तयारी करूनच तो आला होता.

"ऐक. ती धर्मसभा झाली ना, हॉलंडमधली, मी वर्गात सांगितली ती. तिच्या ठरावात सोळावं कलम आहे. ज्यांना स्वतःत अजून विश्वासाची खात्री वाटत नाही, पण ती यावी असं वाटतं, त्यांच्यासाठीच लिहिलंय. त्यांनी घाबरायचं नाही. देवानं टाकलेल्यांत स्वतःला मोजायचं नाही. प्रयत्न सोडायचा नाही."

मल्लेश कोपरावर उठला. "असं लिवलंय?"

"हो."

"तुमाला त्या दिवशी म्हाईत हुतं?"

शिवराजच्या प्रबंधात या कलमावर एक अख्खं प्रकरण होतं.

"माहीत होतं."

"मग का न्हाय सांगितलं?"

वेळ संपला होता, असं म्हणता आलं असतं. शब्द तोंडापर्यंत आले. पण त्या दिवशी वर्ग संपायला अजून पाऊण तास बाकी होता.

"लोक हसले," तो म्हणाला. "मला ते आवडलं. मग पुढचं सांगायचं राहिलं... राहिलं नाही, मीच सांगितलं नाही."

मल्लेश नीट उठून बसला. शेजारच्या यंत्रमागाची खडखड भिंतीतून येत होती.

"परत म्हना."

"काय?"

"ते. सोळावं. पुस्तकातल्यावानी नगं."

शिवराजनं तोंड उघडलं. इतकी वर्षं त्यानं हे कलम लॅटिनमध्ये, इंग्रजीत, प्रमाण मराठीत सांगितलं होतं. कुणा एकाला कधी सांगितलं नव्हतं. तो खुर्चीवरून उठला आणि कॉटच्या कडेला बसला.

"भिऊ नगंस," तो म्हणाला. "तू टाकलेला न्हाईस. मी चुकलो. तू टाकलेला न्हाईस."

सोजरबाई चहाचे कप घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी एवढंच ऐकलं. लगबगीनं त्यांनी कप खाली ठेवले, डोक्यावरून पदर घेतला, हात जोडले आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, प्रार्थना सुरू झाली.