मातीचं विरजण

सत्ताविसाव्या जागीही जमिनीत ठोकलेल्या लोखंडी कड्यात ओतलेलं पाणी न मुरता तसंच थरथरत राहिलं. धूळ बसावी म्हणून सरकारनं दहा वर्षं मारलेल्या रसायनाच्या फवाऱ्यानं माळाची माती पाणी प्यायचंच विसरली होती.

"मावशी, पाणी कुठंच मुरेना, तर गाव उठवावं लागेल," तपासनीस म्हणाला.

"माती मारली तुम्ही, अन् उठायचं आम्ही?"

ठकूबाईनं त्याला बाभळीखाली नेलं. तिथं मातीनं पाणी गटागट पिऊन टाकलं.

"जिवंत माती! खणून हिचंच विरजण गावभर लावू. इथं फवारा कसा नाही पडला?"

"दर खेपेला मी फवाऱ्यापुढं आडवी निजले. तान्ही लेक पुरलीय माझी इथं."

त्यानं उचललेली कुदळ खाली ठेवली. गावाकडे बघत ठकूबाई गुडघ्यांवर बसली.

"लोखंड नको, साहेब. मी हातानं उकरते."