तीस देशांची जीभ

कारखान्यात त्या यंत्राला सगळे जीभच म्हणत. वीस वर्षांपूर्वी इंदुमती हेर्लेकरांची चवीची पारख त्यात उतरवली होती आणि तिच्या जोरावर कोल्हापूरचा कांदा-लसूण मसाला तीस देशांत पोचला. मसाला जाईल तिथली चव जीभ शिकत गेली. पुढे मालक बदलले. नवे मालक रॉटरडॅममध्ये बसत. जीभ नापास करील तो मसाला बंद, असा त्यांचा हुकूम होता. आज मूळ मसाल्याची पाळी होती. चौदा बायकांचं काम त्यावर होतं.

“घाबरताय कशाला, मावशी? तुमचीच जीभ हाय की!” मॅनेजर प्रीतम म्हणाला.

इंदुमतीबाईंनी चमचाभर मसाला यंत्रात घातला. पडद्यावर अक्षरं उमटली: फार तिखट. नापास.

बायकांनी हातातलं काम खाली ठेवलं. इंदुमतीबाईंना मात्र हसू आलं. लग्न होऊन त्या कोकणातून आल्या, तेव्हा या मसाल्याच्या पहिल्या घासाला त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. महिन्याभरात त्यावाचून जेवण जाईना.

“आणखी एक चमचा घालू दे रे तिला,” त्या म्हणाल्या. “सवयीनं कळतंय ते.”

प्रीतमने मान खाली घातली.

“मावशी, नियमात एकच चमचा हाय.”