पत्र्यापलीकडचे ठोके

नव्या चिलखती गाडीला बाहेरून कुणी हात लावला, की त्याच्या छातीचे ठोके चालकाच्या सीटमध्ये जाणवत. जमाव किती बिथरलाय ते पोलिसांना कळावं, म्हणून ही सोय. धरणग्रस्तांचा मोर्चा अडवून बसलेल्या चालक हवालदार रेवती घोडमारेला शेकडो ठोके जाणवत होते. त्यातला एक अडखळू लागला, तशी काचेसमोर बॉनेटला टेकलेली एक आजी वाकत गेली.

“साहेब, पुढच्या आजींचं काही खरं नाही. दार उघडते.”

“खबरदार!” वायरलेसवर साहेब ओरडले.

रेवतीने दार उघडलं. दगड उगारलेले हात थबकले, मग त्याच हातांनी आजीला उचलून आत निजवलं. दवाखान्याकडे वाट मोकळी होत गेली. गाडी पुढे निघाली तसे लोक तिच्या पत्र्याला हात लावत होते. ठोके वाढतच होते. ‘जमाव बिथरलाय’, पडद्यावर लाल अक्षरं उमटली.

रेवतीने पडदा बंद केला.