गोठ्यातलं घड्याळ

आलेखातला उंच खांब एका तासाने डावीकडे सरकला होता. कॉरिनने प्रोग्राम पुन्हा चालवला. खांब तिथेच राहिला.

विस्कॉन्सिनच्या त्या छोट्या गावातल्या वृद्धाश्रमात ती नर्स होती. प्रोग्रामिंग ती गावच्या वाचनालयात चार शनिवार बसून शिकली होती आणि स्वतःच्या कामावर तिचा अजून पुरता विश्वास नव्हता. मागच्या खेपेला तिने दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा एकच धरले होते. म्हणून तिने नोंदींचे कागद काढले आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वेळा ताडून पाहिल्या. चूक नव्हती. आश्रमातले वॉल्डो हेग सप्टेंबरपासून अकरा वेळा पडले होते. सात वेळा संध्याकाळी पावणेपाचच्या आसपास. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर चार वेळा, पावणेचारच्या आसपास.

लॅपटॉप उघडाच धरून ती मुख्य नर्स ड्राएगरबाईंच्या खोलीत गेली. तिथे वॉल्डोंची मुलगी ज्युडिथ हातात पेन घेऊन बसली होती. समोर वडिलांना हलवण्याचा अर्ज होता. ड्राएगरबाईंच्या मासिक तक्त्यात एकच रकाना होता: संध्याकाळची पाळी, अकरा. दिवस कलला की वॉल्डोंना भ्रम होतो, असा त्याचा अर्थ लावला गेला होता. अशा लोकांसाठी कुलूपबंद दारांची जागा ऐंशी मैलांवर होती. ज्युडिथ आठवड्यातून एकदा तरी येईन म्हणत होती, पण बर्फ पडल्यावर ते जमणार नाही हे तिघींनाही ठाऊक होतं.

कॉरिनने आलेख दाखवला. ड्राएगरबाईंनी चष्मा वर केला.

"अगं, त्या रविवारी आपण सगळी घड्याळं तासभर मागे नाही का घेतली, हिवाळ्यासाठी? त्यानेच तुझं यंत्र गोंधळलंय."

कॉरिन म्हणाली की नोंदी हातानेच केलेल्या आहेत, भिंतीवरचं घड्याळ पाहून. यंत्राने फक्त मोजल्या. "आश्रमातलं सगळं तासभर मागे गेलं. वॉल्डो गेले नाहीत, एवढंच."

ज्युडिथचं पेन थांबलं.

"ती धारेची वेळ आहे," ती म्हणाली. मग हळूहळू सांगत गेली. वडिलांच्या दुभत्या गायी होत्या. घरातलं घड्याळ ते मागे घ्यायचे. गोठ्यातलं कधीच नाही. गायींना कोण समजावणार, असं म्हणायचे. हिवाळाभर त्यांच्याकडे दोन वेळा चालायच्या आणि दर रविवारी चर्चला निघताना आई त्यावरून भांडायची. गायी विकून आता चार वर्षं झाली होती.

कॉरिनने नोंदी पुन्हा चाळल्या. दर वेळी वॉल्डो दाराशी सापडले होते. दर वेळी पायात नुसते मोजे आणि वॉकर पलंगापाशी. उभं राहताना रक्तदाब उतरतो का, हेही तिने तपासलं होतं, उतरत नव्हता. चालायला वॉकर लागतो हे माहीत असून ते तो का टाकून जातात, एवढंच तिला कळत नव्हतं.

"दोन्ही हातांत बादल्या असतात ना," ज्युडिथ म्हणाली.

ड्राएगरबाईंनी नकारार्थी मान हलवली. "चार पडण्यांवर सिद्धांत नको रचूस, पोरी."

"चार कमीच आहेत," कॉरिन म्हणाली. "म्हणून काय पाचव्याची वाट बघायची?"

ड्राएगरबाईंनी भिंतीकडे पाहिलं. तीन वाजून वीस मिनिटं. अर्ज इथेच राहू दे, त्या म्हणाल्या. सही साडेचारलाही करता येईल.

ज्युडिथ बाहेर जाऊन ट्रकमधून वडिलांचे गमबूट घेऊन आली. कॉरिनने ते उलटे करून तळावर अंगठा घासून पाहिला. खाचा शाबूत होत्या. साडेतीनला ती वॉल्डोंच्या खोलीत खुर्ची ओढून बसली. ते जागे होते आणि खिडकीबाहेर बघत होते. तीन चाळीसला त्यांनी पाय खाली सोडले. कॉरिनने बूट पुढे केले आणि त्यांनी ते असे चढवले, जणू ती रोजच तिथे असते.

वॉकर त्यांनी पाहिलाही नाही. त्यांचा डावा दंड तिने धरला, उजवा हात भिंतीलगतच्या कठड्यावर ठेवला. दोघं लांबच लांब मार्गिकेतून निघाली. ज्युडिथ दोन पावलं मागे होती. प्रत्येक दाराशी वॉल्डो थांबत, चौकटीवर तळवा ठेवत, काहीतरी पुटपुटत आणि पुढे जात. अकरा दारं झाली. त्यांचा श्वास संथ होता. दंड एकदाही लटपटला नाही.

बारावं दार ड्राएगरबाईंचं. त्या उंबऱ्यातच उभ्या होत्या. वॉल्डोंनी चौकटीवर दोनदा थोपटलं.

"हिला सावकाश घ्यायचं," ते कॉरिनला म्हणाले. "लाथ मारते."

ज्युडिथने तोंडावर हात धरला. ड्राएगरबाईंनी आत जाऊन टेबलावरचा अर्ज उलटा केला आणि पाळ्यांचा तक्ता जवळ ओढला.

"उद्या किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"पावणेचारला," कॉरिन म्हणाली.

वॉल्डोंनी तिच्याकडे पाहिलं, नव्या गड्याकडे पाहावं तसं.

"पावणेपाच," ते म्हणाले.