आज ठोकायचं नाही

"हातोडा खाली ठेव आधी," लूर्डस म्हणाली. "आज गुड फ्रायडे हाय."

सॅन्टनचा हात तसाच वर राहिला. सकाळपासून तो अंगणात बाइकचा पुढचा शॉकअप उघडून बसला होता. चाक काढलं, नळ्या उतरवल्या, काळंकुट्ट तेल डब्यात ओतलं, फाटलेली सीलं उचकटून काढली. इथवर सगळं पान्यांनी झालं. नवं सील मात्र ठोकूनच बसवावं लागतं, आणि आजच्या दिवशी पाचूबंदरात कुणी हातोडा उचलत नाही, हे त्याच्या डोक्यातून साफ गेलं होतं. कारखान्याला सुट्टी, एवढंच त्याला दिसलं होतं. चाळिशी उलटलेल्या माणसाला हे आईने सांगायची वेळ आली.

"खिळा नाय ठोकत, आये. रबराचं सील हाय."

"येशूला क्रुसावर ठोकनारे पन कामावरच होते."

पण उद्या शनिवार होता, लूर्डसच्या डायलिसिसचा दिवस, तोही पहाटेच्या पाळीचा. रिक्षात तिला मळमळायचं. बाइकवर वारा लागला की बरं वाटायचं. सीलं गेल्यापासून मात्र प्रत्येक खड्ड्यात पुढचं चाक धाडकन बसत होतं. गेल्या खेपेला तिच्या सुया टोचलेल्या हाताला असा हिसका बसला की घर येईपर्यंत ती कण्हत होती.

त्याने हातोडा ठेवला. पाइपचा तुकडा सीलवर धरून अंगाचा सगळा भार दिला. सील तिरकं बसलं. काढलं, तेल लावलं, पुन्हा दाबलं. पुन्हा तिरकं. सगळी आळी तीनच्या प्रार्थनेला चर्चमध्ये गेली होती. शिवी हासडली असती तरी ऐकायला कुणी नव्हतं, पण आज तेही करवेना.

"राहू दे," उंबऱ्यावरून लूर्डस म्हणाली. "उद्याचं पन राहू दे. एक दिवस नाय गेले तर काय होतंय?"

काय होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. मागे एकदा चुकलं तेव्हा तिच्या छातीत पाणी भरलं होतं. पाठ टेकली की श्वास कोंडायचा.

सॅन्टनने मान वर केली. "फ्रायडेचं नाव नको सांगू. तुला जायचंच नाय ना?"

"दमले रे," लूर्डस म्हणाली. " त्या सुया, त्या पट्ट्या, तो एसी. दमले."

क्षणभर सॅन्टनला चक्क बरं वाटलं. उद्या अंधारात उठायचं नाही, त्या बाकड्यावर तासन्‌तास बसायचं नाही, तिथून तसंच बर्फाच्या कारखान्यात धावायचं नाही. आणि लगेच स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने तोंड फिरवलं आणि तेलकट हातानेच डोळे पुसले.

"मी पन दमलोय," तो म्हणाला. "तरी नेनार."

त्याने हातोडा उचलला. एका हाताने नळी धरायची, दुसऱ्याने पाइप. ठोकायला तिसरा हात कुठून आणायचा? नळी पायांत धरून पाहिली, ती घसरली. पुन्हा उभी केली, पुन्हा लादीवर आडवी झाली. त्याने ती तशीच पडू दिली आणि बसून राहिला.

लूर्डस भिंतीला धरून उठली. स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली, गाऊन सावरला आणि नळी दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरली. सुयांचा डावा हात मांडीवर जपून ठेवला, उजव्याने पाइप सीलवर सरळ उभा केला.

"मार."

"पाप लागेल ना?"

"तिकडे आधी मीच जानार हाय. सांगेन त्याला, पोरगा ऐकत नव्हता."

सॅन्टनने हातोडा मारला. रिकाम्या आळीत आवाज पार किनाऱ्यापर्यंत गेला असेल. क्रूसाची खूण करायला लूर्डसचा हात कपाळाकडे निघाला. पण पाइप हलला असता. तिने हात परत पाइपवर ठेवला.