मोहरीएवढा बुडबुडा

“साहेब, वर्षभर काहीच घडलं नाही, तर बक्षीस कशाचं?”

सुलक्षणानं विचारलं आणि अख्ख्या मांडवानं वळून पाहिलं. काल चाळीच्या जिन्यात मृणालिनी आणि चंपा या मैत्रिणींनी पैज लावली होती, दम असेल तर हे विचारून दाखव. दम होता. नववीत मॉनिटर झाल्यापासून तर भरपूरच होता. शेजारी बसलेल्या आईनं तिचा फ्रॉक खाली ओढला, पण आता काय उपयोग!

कुर्ल्याजवळच्या बाबांच्या कारखान्यातून विषारी वायूच्या टाक्या मालगाडीनं बाहेरगावी जायच्या. वर्षभरात एकाही टाकीतून वाटेत गळती झाली नाही, म्हणून रेल्वेनं कंपनीला ढाल दिली होती. कामगारांच्या घरच्यांनाही बोलावणं होतं. सुलक्षणाचे बाबा, जयवंत, सगळ्यांत मागे उभे होते. टाक्यांचे व्हॉल्व्ह तपासणं हे त्यांचं काम. ते कसं करतात, हे त्यांनी घरी कधी सांगितलं नव्हतं. घरच्यांना त्यांचं एक खूळ तेवढं ठाऊक होतं. साबण!

आंघोळीच्या साबणाचे झिजलेले, चपटे तुकडे. तेही अख्ख्या चाळीचे. दर रविवारी सुलक्षणा पत्र्याचा डबा घेऊन बावीस दारं फिरायची. “आली गं कंजुषांची सुलू!” समोरच्या सुंदराबाई ओरडायच्या आणि तुकडा डब्यात टाकायच्या. चंपा विचारायची, “तुमच्याकडे उष्ट्या साबणानं आंघोळ करतात काय गं?”

तीन आठवड्यांपूर्वी, एका रविवारी, सुलक्षणानं तो डबा बाबांच्या पुढ्यात आपटला होता. “मी नाही जाणार! माझी पार वाट लागते.” बाबांनी चपला घातल्या, डबा उचलला आणि स्वतःच बावीस दारं फिरून आले.

स्टेजवरचे साहेब चिडले नाहीत. “राहतेस कुठे तू?”

“घाटकोपरला. रुळांच्या कडेलाच.”

“मग या टाक्या तुझ्या खिडकीसमोरून जातात. कधी कळलं तुला?”

“नाही.”

“तुला कळलं नाही ना, त्याचीच ही ढाल.”

सुलक्षणा खाली बसणार, तोच साहेब पुढे बोलू लागले. “तीन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी एक टाकी निघायच्या बेतात होती. कागद तयार, इंजिन लागलेलं. एका माणसानं व्हॉल्व्हला साबणाचा फेस लावला आणि बघत उभा राहिला. नेहमीच्या साबणपाण्याचा फेस लगेच बसतो. याचा घट्ट होता, टिकला. मिनिटाभरानं त्यात मोहरीएवढा बुडबुडा फुगला, म्हणजे तिथून वायू झिरपत होता. त्यानं टाकी जागची हलू दिली नाही.”

सोमवार. म्हणजे आदल्या दिवशी रविवार. बाबा स्वतः डबा घेऊन फिरले, तोच.

“कसला साबण होता तो?” तिचा आवाज एवढासा झाला.

“ते त्यांनाच विचार.” साहेबांनी मागच्या रांगेकडे हात केला. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबा आपल्या चपलांकडे बघत राहिले.

बसस्टॉपवर तिनं बाबांचा हात धरला, तो सोडलाच नाही. “चाळीत का नाही सांगितलंत? लोक आपल्याला कंजूष म्हणतात, बाबा!”

“म्हणू देत. सांगितलं असतं, तर दर मालगाडीला सगळे दचकून उठले असते. काळजी एकानं केली की पुरे गो.”

“आणि मला? मलासुद्धा नाही?” आई फणकारली.

“तू तर खिडकीतून हललीच नसतीस.”

आईला हसू आलं, आणि मग पदरानं तिनं हळूच डोळे टिपले.

चाळीच्या जिन्यात मृणालिनी आणि चंपा वाटच बघत होत्या. “विचारलंस? काय म्हणाला साहेब?”

“म्हणाला, काही घडलं नाही,” सुलक्षणा म्हणाली आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

संध्याकाळी मालगाडी आली. भिंती नेहमीसारख्या थरथरल्या. गॅलरीतल्या पोरांनी कॅरमवरून मान वर केली नाही. सुंदराबाई तांदूळ निवडत राहिल्या. सुलक्षणानं मात्र एकेक टाकी डोळे भरून पाहिली, शेवटची दिसेनाशी होईपर्यंत. मग मोरीतला पत्र्याचा डबा घासून लख्ख केला आणि आई-बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली.

“ऐका. या रविवारपासून साबण मीच मागणार. पलीकडच्या चाळीतसुद्धा. आणि कुणी विचारलं, कशाला हवाय, तर ठणकावून सांगणार, आम्ही आहोतच कंजूष!”