निळी खडी

“बाबांनी शेवटी माझं नाव काढलं का गं?”

आईने ब्रश बादलीत बुडवला. खोटं बोलायचं नाही, हे तिचं उभ्या जन्माचं व्रत. “नाही बाळा,” ती म्हणाली आणि मागच्या चाकाची रिम घासू लागली.

लेक पायरीवर बसून राहिली. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून बंद झालेलं हे दार बाप गेल्यावरच तिच्यासाठी उघडलं होतं. उद्या गाडी न्यायला गिऱ्हाईक येणार होतं. मळक्या चाकांनी ती घरातून काढायची नाही, एवढं आईने ठरवलं होतं.

“दर रविवारी हे गाडी फिरवून आणायचे. उभी राहिली की बॅटरी उतरते म्हणे. आल्यावर चहासुद्धा नंतर, आधी चाकं. मला हात लावू द्यायचे नाहीत. टायरच्या खाचाखाचांतून स्क्रू ड्रायव्हर फिरवत बसायचे. मी म्हणायची, एवढं वाकून कधी माझ्याकडे बघितलं असतं तर जन्माचं सार्थक झालं असतं.”

लेक जराशी हसली.

“त्या रविवारी मात्र लवकर परतले. चाकांकडे बघितलंही नाही. जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत.”

मागची दोन्ही चाकं झाली. खाचांतून नुसती धूळ निघाली होती. आई पुढच्या चाकापाशी सरकली. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने एक खडा टचकन उडाला आणि पायरीपाशी पडला. मागोमाग दुसरा. निळे.

लेकीने एक उचलून अंगठ्याने पुसला.

“आई, ही आमच्या दारातली खडी आहे. ह्यांच्या कारखान्यात फरश्यांचा चुरा उरतो, तो आम्ही रस्त्यापासून अंगणापर्यंत पसरलाय. दुसरीकडे कुठे मिळायची नाही.”

आईचा हात थांबला. मग तिचा चेहरा उजळला. “तुझ्याकडे यायचे गं ते. आणि मला कळू नये म्हणून चाकं धुवायचे. बघ कसा माणूस.” ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

लेक हसली नाही.

“रविवारी कुणीतरी आमच्या अंगणात गाडी वळवून जायचं,” ती हळू म्हणाली. “स्वयंपाकघरात खडी करकरलेली ऐकू यायची. बाहेर येईपर्यंत गाडी गेलेली. मला वाटायचं, फुकटची जागा म्हणून कुणी वळवतंय. वैतागून मी वाटेच्या तोंडाशी, रस्त्यापासून चारच पावलांवर साखळी लावून घेतली.”

“कधी?”

“बाबा गेले त्याच्या आदल्याच दिवशी, शनिवारी.”

आईने मागच्या चाकांकडे पाहिलं. त्यांतून एकही निळा खडा निघाला नव्हता.